विश्लेषण : फोटोत वेग दिसण्यासाठी गाडी वेगात असावीच लागते का? ट्यून केलेल्या गाड्या, रील्स आणि कायदा

मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरून किंवा पुण्याच्या एखाद्या रुंद रस्त्यावरून फटाक्यांसारखा आवाज करत गाडी जाते. तिच्या शेजारी दुसरी गाडी असते आणि त्या गाडीच्या खिडकीतून किंवा उघड्या डिकीतून कोणी तरी चित्रीकरण करत असते. सकाळपर्यंत ते रील हजारो मोबाइलवर पोहोचलेले असते. रस्त्यालगतच्या रहिवाशांची झोपमोड, पोलिसांची कारवाई आणि समाजमाध्यमांवरची वाहवा हे तिन्ही एकाच वेळी सुरू असते. गाडीची ताकद वाढवणे हा गुन्हा आहे का? चालत्या गाडीचा चांगला फोटो काढायला ती खरेच सुसाट असावी लागते का? आणि आपला कायदा नेमके कशाला अडवतो, कशाला नाही?

गाडी ‘ट्यून’ करणे म्हणजे नेमके काय?

आजच्या गाडीचे इंजिन एका छोट्या संगणकाच्या हुकमावर चालते. त्याला ईसीयू म्हणतात. इंधन किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, टर्बो असलेल्या गाडीत हवेचा दाब किती वाढवायचा हे सारे तोच ठरवतो. त्यातील आकडे बदलणे म्हणजे ‘रीमॅप’. गाडीचा एकही भाग न बदलता केवळ आकडे बदलले, तर त्याला ट्यूनिंगच्या भाषेत ‘स्टेज वन’ म्हणतात. त्यापुढच्या टप्प्यात हवा आत घेणारी व धूर बाहेर टाकणारी नळकांडी, इंटरकूलर आणि कधी कधी टर्बोच बदलला जातो.

टर्बो नसलेल्या इंजिनात रीमॅपने फारसे काही हाती लागत नाही. टर्बो असलेल्या इंजिनात मात्र फरक चटकन जाणवतो. याचे कारण म्हणजे कंपनीने मुद्दाम राखून ठेवलेली क्षमता. तीच गाडी राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या विरळ हवेत आणि एखाद्या आडगावच्या पंपावरच्या इंधनावर चालायची असते. शिवाय प्रदूषणाचे निकष, गिअरबॉक्सचे आयुष्य आणि वॉरंटी यांचाही विचार कंपनीला करावा लागतो. ट्यूनर ही राखीव क्षमता वापरात आणतो. म्हणजे ताकद फुकट मिळत नाही, सुरक्षेसाठी सोडलेली मोकळी जागा कमी होते. साध्या पेट्रोलचे ऑक्टेन तुलनेने कमी असते. वाढवलेल्या दाबाखाली असे इंधन आपोआपच पेटू शकते आणि इंजिनात ठोके बसू लागतात. ट्यून केलेल्या गाड्यांचे मालक जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल शोधतात ते त्यामुळेच.

मग फटाके फुटल्यासारखा आवाज कशाचा?

हा आवाज बहुतेक वेळा मुद्दाम तयार केलेला असतो. एरवी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे इंधन थांबते. रीमॅप करताना हा नियम बदलून थोडे इंधन सुरू ठेवतात आणि ठिणगी उशिरा पाडतात. त्यामुळे ते इंधन इंजिनाऐवजी धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत पेटते. त्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर आवाज आणखी वाढतो. हा कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचे प्रमाण घटवतो. तो काढला की ही विषारी द्रव्ये थेट हवेत जातात.

या आवाजामुळे गाडी एका सेकंदानेही वेगवान होत नाही. तो ऐकणाऱ्यासाठी असतो आणि आता तर मोबाइलच्या माइकसाठी. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बंद खिडकीआड झोपलेल्या आजारी माणसाला किंवा तान्ह्या बाळाला या ‘कलेची’ किंमत मोजावी लागते. बुलेटचे फटाका सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे राज्यातल्या अनेक शहरांतून येत असतात, त्यामागे याच तक्रारी असतात.

चालत्या गाडीचा फोटो कसा काढतात?

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. फोटोत दिसणारा वेग हा गाडीच्या वेगावर कमी आणि कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो यावर जास्त अवलंबून असतो.

साधे गणित करू. ताशी २०० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर अंतर कापते. कॅमेऱ्याचा शटर स्पीड एक सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवला, तर तेवढ्या वेळात गाडी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर सरकते. चाक सुमारे पाच अंशच फिरते. फोटोत चाकाच्या आऱ्या स्पष्ट दिसतात आणि गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी वाटते. आता ताशी ४० किमीने जाणारी गाडी घ्या आणि शटर स्पीड एक सेकंदाचा तिसावा भाग ठेवा. गाडी सुमारे ३७ सेंटिमीटर पुढे जाते आणि चाक ६० अंशांहून अधिक फिरते. पाच आऱ्यांचे चाक असेल तर दोन आऱ्यांमधले जवळजवळ सगळे अंतर पुसले जाते. चाक गरगरताना दिसते, मागची झाडे आणि कठडे रेषांसारखे ओढले जातात. शहरातल्या वेगमर्यादेत चालणारी गाडी फोटोत शर्यतीतल्यासारखी दिसते, ती अशी.

या तंत्राला ‘पॅनिंग’ म्हणतात. छायाचित्रकार रस्त्याकडेला सुरक्षित जागी उभा राहतो, पाय स्थिर ठेवतो आणि कमरेतून वळत गाडीचा पाठलाग कॅमेऱ्याने करतो. गाडी आणि कॅमेरा यांचा कोनीय वेग जुळला की गाडी स्पष्ट येते आणि पार्श्वभूमी वाहती. सुरुवात करणाऱ्याने एक सेकंदाचा १२५वा भाग घ्यावा, हात बसला की ६०व्या आणि मग ३०व्या भागावर यावे, असा सर्वसाधारण क्रम आहे. दहा-वीस फोटोंत एखादाच जमतो. इथे गाडी संथ असेल तर ते छायाचित्रकाराच्या फायद्याचेच असते, कारण तिच्याबरोबर वळणे सोपे जाते.

जाहिरातींतील गाड्या तरी वेगात असतात का?

बहुतेक वेळा नाही. जाहिरातीतल्या अनेक झगमगत्या फोटोंसाठी ‘रिग’ वापरतात. गाडीच्या अंगावर हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या कपांच्या साहाय्याने एक लांब दांडा बसवतात आणि त्याच्या टोकाला कॅमेरा. इंजिन बंद ठेवून दोन-तीन माणसे गाडी चालण्याच्या वेगाने ढकलतात. ताशी ५ किमी वेगातही दोन सेकंदांत गाडी पावणेतीन मीटर पुढे जाते. पडदा तेवढा वेळ उघडा असेल तर रस्ता पूर्णपणे ओढला जातो, गाडी मात्र कॅमेऱ्याशी जोडलेली असल्याने काचेसारखी लख्ख दिसते. नंतर संगणकावर दांडा पुसून टाकतात. पाहणाऱ्याला वाटते, गाडी वाऱ्याशी स्पर्धा करते आहे.

दुसरा प्रकार म्हणजे ‘रोलिंग शॉट’. एका गाडीतून शेजारच्या गाडीचे चित्रण केले जाते. व्यावसायिक मंडळी हे बंद रस्त्यावर किंवा धावपट्टीवर, दोन्ही गाड्या ताशी ४०-५० किमीच्या वेगात एकसारख्या ठेवून करतात. रहदारीच्या रस्त्यावर हाच प्रकार सर्वांत धोकादायक ठरतो. दोन चालकांचे लक्ष रस्त्याऐवजी एकमेकांकडे असते आणि चित्रीकरण करणारा बहुधा पट्टा न लावता बाहेर झुकलेला असतो.

वेगाच्या आभासाची ही परंपरा जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग यांनी विशी गाठण्याच्या आतच, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला, एका मोटार शर्यतीचा फोटो काढला. त्यात गाडीचे गोल चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलेले दिसते आणि प्रेक्षक उलट बाजूला कललेले. त्या काळच्या कॅमेऱ्याचा पडदा फोटोचा एकेक पट्टा क्रमाने टिपायचा आणि लार्तिग गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होते, म्हणून हा आकार आला. तांत्रिक दृष्टीने तो दोष होता, पण वेगाचे चित्र म्हणून जगाने तोच फोटो लक्षात ठेवला. आजच्या मोबाइलमध्येही प्रतिमा ओळीओळीने वाचली जात असल्याने धावत्या गाडीतून काढलेले खांब असेच तिरपे दिसतात.

चलच्चित्रांत याचे गाजलेले उदाहरण म्हणजे क्लोद ललूश यांचा १९७६ सालचा ‘सेतेत अं रांदेव्हू’ हा सुमारे आठ मिनिटांचा लघुपट. पहाटेच्या पॅरिसमधून लाल सिग्नल तोडत एक गाडी सुसाट जाते आणि कानावर फेरारीच्या इंजिनाचा आवाज पडतो. प्रत्यक्षात चित्रीकरण मर्सिडीजमधून झाले होते, फेरारीचा आवाज नंतर जोडला गेला. कॅमेरा रस्त्यालगत खाली बसवल्याने वेग आहे त्याहून जास्त भासतो. हा आभास असला तरी धोका खरा होता, कारण रस्ता बंद केलेला नव्हता. त्याच ललूश यांनी २०२० मध्ये मोनॅकोत फॉर्म्युला वन चालक शार्ल लक्लेर यांना घेऊन असाच लघुपट केला, तेव्हा मात्र रस्ते बंद ठेवले होते. चव्वेचाळीस वर्षांत जग कुठून कुठे आले, ते या दोन चित्रीकरणांवरून कळते.

मग रील करणाऱ्यांना खरा वेग कशाला हवा असतो?

यामागे काही प्रमाणात मोबाइलचा कॅमेराही आहे. भर उन्हात मोबाइल आपणहून शटर स्पीड खूप वाढवतो, अनेकदा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही पुढे नेतो. त्यामुळे प्रत्येक चौकट गोठलेली येते आणि ताशी १५० किमीचा वेगही पडद्यावर मामुली वाटतो. व्यावसायिक यावर लेन्ससमोर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावून उपाय करतात. हौशी चालकाला हे ठाऊक नसते किंवा ती खटपट नको असते. मग तो कॅमेरा वळवतो स्पीडोमीटरकडे.

म्हणजे छायाचित्रकाराला वेगाचा आभास पुरतो, रीलकर्त्याला मात्र आकड्याचा पुरावा लागतो. त्याचे प्रेक्षकही प्रकाश आणि रचना पाहत नाहीत, काटा २०० वर गेला का तेच पाहतात. आकडा मोठा तितके ‘व्ह्यूज’ जास्त, हे गणित एकदा बसले की पुढचा व्हिडीओ आधीच्याहून वेगवान करावाच लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील पूर्वांचल एक्सप्रेस वेवर बीएमडब्ल्यू गाडी कंटेनरवर आदळून चौघांचा मृत्यू झाला. अपघातापूर्वी गाडीतून फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू होते आणि वेग ताशी २३० किमीच्या घरात गेल्याचे त्यात दिसत होते. मे २०२३ मध्ये यमुना एक्सप्रेस वेवर ताशी ३०० किमीचा आकडा गाठण्याच्या प्रयत्नात एका तरुण यूट्यूबर दुचाकीस्वाराचा जीव गेला.

वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. चांगल्या ब्रेकची गाडी ताशी १०० किमी वेगातून ब्रेक लावल्यावर साधारण ५५ मीटरमध्ये थांबते असे धरले, तर ताशी २०० किमीला तेच अंतर २२० मीटर होते. त्यात चालकाच्या प्रतिक्रियेचा एक सेकंद धरला तर आणखी ५५ मीटर. गाडीच्या दिव्यांच्या उजेडात तेवढ्या लांबचे माणूस नीट दिसतही नाही. त्यात इंजिनाची ताकद वाढवली पण ब्रेक आणि टायर मूळचेच ठेवले, तर हा हिशेब आणखी बिघडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला आणि त्यातील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली होते. यात ट्यून केलेल्या गाड्या थोड्याच असणार. पण वेग मिरवण्याचा संस्कार साध्या गाडीच्या चालकापर्यंतही पोहोचतो.

गाडीतील बदलांविषयी कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ याबाबत महत्त्वाचे आहे. उत्पादकाने मूळ जे तपशील दिले आणि नोंदणी प्रमाणपत्रात म्हणजे आरसीवर जे नोंदले, त्यापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी मालकाला बदलता येत नाही. सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनाचे मान्यताप्राप्त किट बसवण्यासाठी किंवा अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी गाडीत फेरबदल करण्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली आणि मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मुभा देणारा उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमाबाहेरचा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि परवाना तीन महिने अपात्र, अशी तरतूद आहे.

अडचण अंमलबजावणीची आहे. सायलेन्सर कानाला ऐकू येतो, गडद काच किंवा बदललेला रंग डोळ्यांना दिसतो. रीमॅप मात्र दिसत नाही. पीयूसी तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते, त्यामुळे भरधाव वेगात इंजिन किती धूर ओकते ते त्यात कळत नाही. परिणामी दिखाऊ पण तुलनेने निरुपद्रवी बदल करणारा सापडतो आणि ब्रेकच्या क्षमतेपलीकडे ताकद वाढवणारा सुटतो. पोलिसांच्या हाती न लागलेला फेरबदल अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या हाती लागू शकतो. फेरबदल कळवले नसतील तर दावा अडकतो, हे अनेक मालकांना तेव्हाच कळते.

आणि भरधाव चालवून चित्रीकरण करण्याविषयी?

वेगमर्यादा ओलांडल्यास हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये दंड आहे. काही कोटींच्या गाडीच्या मालकाला तो एका टाकी पेट्रोलहूनही स्वस्त पडतो. धोकादायक वाहन चालवण्यासाठी कलम १८४ आहे आणि चालवताना हातात मोबाइल धरणेही त्यात येते. बेदरकारपणे मृत्यूस कारणीभूत ठरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावण्यासाठी कलम १८९ आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत भाग घेतल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पण कलमातील शब्द आहेत ‘मोटार वाहनांमधील’ शर्यत किंवा वेगाची चाचणी. म्हणजे दोन गाड्या असतील तर कलम सरळ लागू होते. एकटाच चालक मोकळ्या रस्त्यावर कॅमेऱ्यासाठी आकडा गाठत असेल, तर तो या शब्दांत बसतो का, असा युक्तिवाद बचावाला करता येतो. कायदा झाला तेव्हा शर्यतीला प्रतिस्पर्धी लागायचा. आता प्रतिस्पर्धी रस्त्यावर नसतोच, तो दुसऱ्या कोणाच्या तरी रीलमध्ये असतो.

इतर देशांनी काय केले?

जर्मनीचे उदाहरण बोलके आहे. ट्यूनिंगचा मोठा उद्योग तिथे आहे. १९६७ मध्ये दोन अभियंत्यांनी सुरू केलेली एएमजी ही ट्यूनिंगचीच कंपनी होती आणि आज ती मर्सिडीजचा भाग आहे. तिथे फेरबदलांवर सरसकट बंदी नाही, पण प्रत्येक भागाला मान्यता लागते. चाके, सस्पेन्शन, धुराची नळी यांच्यासोबत तपासणीचे कागद येतात. गरज असेल तिथे टीयूव्हीसारख्या संस्थेच्या तज्ज्ञाकडून बदल तपासून घ्यावा लागतो आणि तो गाडीच्या कागदपत्रांत चढवावा लागतो. ‘ट्यून इट! सेफ!’ या मोहिमेत तर पोलिसांच्या रंगातली ट्यून केलेली गाडी प्रदर्शनांत मांडून ‘बदल करा, पण मान्यतेने’ असे सांगितले जाते.

बेदरकारपणाबाबत मात्र हाच देश कठोर आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या कुर्फुर्स्टनडाम या रस्त्यावर दोघांनी लावलेल्या शर्यतीत ६९ वर्षांच्या एका निरपराध चालकाचा मृत्यू झाला. खटला वरपर्यंत गेला आणि धडक देणाऱ्या चालकावरील खुनाचा दोष अखेर २०२० मध्ये सर्वोच्च पातळीवर कायम झाला. दरम्यान २०१७ मध्ये रस्त्यावरची शर्यत हा तिथे फौजदारी गुन्हा ठरला. या कायद्यात शर्यतीला दुसरी गाडी असण्याची अट नाही. जास्तीत जास्त वेग गाठण्यासाठी बेपर्वाईने एकट्याने गाडी पळवणेही त्यात येते. जानेवारी २०२२ मध्ये एका चेक उद्योजकाने बर्लिन-हॅनोव्हर महामार्गावर बुगाटी ताशी ४१७ किमी वेगाने चालवल्याचा व्हिडीओ टाकला, तेव्हा त्या पट्ट्यावर वेगमर्यादा नसूनही याच तरतुदीखाली चौकशी झाली. पुढे ती बंद करण्यात आली, पण व्हिडीओ टाकल्यावर विचारणा होणार हा संदेश गेला.

महाराष्ट्रात हौशींनी जायचे कुठे?

पुणे परिसर हे देशातील वाहन उद्योगाचे मोठे केंद्र आहे. वाहने आणि सुटे भाग तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. तरीही सर्वसामान्य हौशी चालकाला गाडी नेता येईल असा आंतरराष्ट्रीय दर्जाचा शर्यतमार्ग राज्यात नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरला करी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. आपल्याकडे कार्टिंगचे ट्रॅक आहेत आणि ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती भरवल्या गेल्या आहेत. तिथे गाडीची तपासणी होते, हेल्मेट सक्तीचे असते, रुग्णवाहिका उभी असते आणि आकडा मोजायला अधिकृत यंत्रणा असते. ज्याला आकडाच हवा आहे त्याच्यासाठी हीच योग्य जागा आहे. पण ती वर्षातून मोजकेच दिवस मिळते, तर सागरी किनारा मार्ग रोज घराजवळ असतो.

अर्थात, ट्रॅक बांधला की रस्ते आपोआप शांत होतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ट्रॅकवर जायला पैसे आणि वेळ लागतो, शिवाय तिथे रस्त्यावरची ‘पब्लिक’ नसते. म्हणून रस्त्यावर पकडले जाण्याची खात्री वाढवणेही तितकेच गरजेचे आहे. एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्यासमोर चालक वेग कमी करतो आणि पुढे गेला की पुन्हा वाढवतो. दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजणारी यंत्रणा ही पळवाट बंद करते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली आहे. शहरांतील नव्या वेगवान रस्त्यांवर अशी देखरेख सुरुवातीपासूनच हवी. सुमारे साडेदहा किमी लांबीच्या सागरी किनारा मार्गावर आत-बाहेर पडण्याच्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे सरासरी वेग मोजणे तिथे तुलनेने सोपे आहे.

पुढे काय करता येईल?

तीन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. कलम १८९ मध्ये एकट्या चालकाची वेगचाचणी स्पष्ट शब्दांत आणली, तर स्वतःच प्रसिद्ध केलेला व्हिडीओ पुरावा म्हणून वापरणे सोपे जाईल. त्याच वेळी सुरक्षित फेरबदलांना, उदाहरणार्थ चांगले ब्रेक, तपासलेली चाके किंवा सस्पेन्शन यांना, मान्यतेचा सरळ मार्ग द्यावा लागेल. आज मान्यतेची वाटच अवघड असल्याने सगळे काम गॅरेजच्या मागच्या खोलीत होते आणि चांगला ट्यूनर व कामचलाऊ ट्यूनर यांत ग्राहकाला फरक करता येत नाही. तिसरी बाब चित्रीकरणाची. राज्यात चित्रपटांच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे. मात्र दोन माणसे, एक कॅमेरा आणि पहाटेचे दोन तास एवढीच गरज असलेल्या छोट्या छायाचित्रकाराला झेपेल अशी स्वस्त आणि झटपट परवानगीची सोय असेल, तर चोरून काम करण्याचे कारण उरणार नाही.

तोवर छायाचित्रकारांच्या हाती एक साधा निर्णय आहे. धावत्या गाडीच्या डिकीत बसायला आणि चालकाला ‘अजून दाब’ म्हणायला नकार देणे. वर पाहिलेले गणित त्यांच्या बाजूचे आहे. ताशी ४० किमी वेग, पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा, सुरक्षित कठड्यामागे उभा असलेला माणूस आणि स्थिर हात एवढ्यावर उत्तम फोटो होतो. असा फोटो पाहणाऱ्याला गाडी दोनशेच्या वेगात होती असे वाटले, तर ते छायाचित्रकाराचे कसब. गाडी खरोखरच दोनशेवर असेल, तर त्या क्षणी रस्त्यावर असलेल्या प्रत्येकाचा जीव त्या फोटोसाठी पणाला लागलेला असतो आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते.